अग्निगोल पाहणाऱ्यांची साक्ष वाया जाऊ नये

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, विदर्भ, खानदेश आणि शेजारच्या मध्य प्रदेशातील असंख्य लोकांनी आकाशातून जळत जाणारी प्रकाशाची माळ पाहिली, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. त्याच वेळी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले आणि पाठोपाठ त्याच तालुक्यात पवनपार येथे धातूचा गोळा सापडला. पहिल्या काही तासांत बहुतेकांनी या दृश्याला उल्का म्हटले, तऱ्हेतऱ्हेचे तर्क झाले. पुढे अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चांग झेंग ३बी या चिनी अग्निबाणाचा तिसरा टप्पा असल्याचे सांगितले, आणि इस्रोच्या शास्त्रज्ञांनीही सिंदेवाहीला येऊन अवशेषांची पाहणी केली.

त्या घटनेचा उलगडा झाला, कारण जमिनीवर वस्तू सापडल्या होत्या आणि अंतराळात सोडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारे लोक जगात आहेत. खऱ्या उल्केच्या बाबतीत मात्र, अगदी थोडे अपवाद सोडले, तर यातले काहीच हाताशी नसते. ती येणार हे कोणाला ठाऊक नसते, ती दोन-चार सेकंदांत विझते, आणि मागे उरते ती फक्त पाहणाऱ्यांची आठवण. ही आठवण शास्त्राच्या दृष्टीने अतिशय मोलाची असते, परंतु ती फार लवकर बिघडते. ती पहिल्या एक-दोन दिवसांत नीट टिपून घेण्याचे काम जिल्ह्याजिल्ह्यांत आवृत्त्या आणि वार्ताहर असलेले मराठी वृत्तपत्र करू शकते, आणि ते आपण करावे, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक आहे आणि अकोला जिल्ह्यात थोडी शेती करतो. आमच्याकडे कृषिपंपांना वीज पुष्कळदा रात्रीची मिळते, त्यामुळे हरभऱ्याला पाणी देण्यासाठी रात्र शेतात काढावी लागते. अशाच डिसेंबरातल्या एका रात्री, मध्यरात्र उलटून गेल्यावर, मी वाकून पाणी दुसऱ्या सरीत वळवत असताना जमीन एकाएकी उजळली आणि धुऱ्यावरच्या बाभळीची सावली माझ्या पायांवरून सरकत गेली. वर पाहिले, तेव्हा हिरवट पांढरा, शुक्राच्या कितीतरी पट तेजस्वी गोळा उत्तर-पश्चिमेकडे निघाला होता. त्याचे दोन तुकडे झाले, मागचा तुकडा नारिंगी होऊन विझला, पुढचा क्षणभर आणखी चालला आणि तोही क्षितिजाच्या बराच वर असतानाच नाहीसा झाला. आकाशात फिकट धुराची रेघ थोडा वेळ राहिली. मी आवाजाची वाट पाहत उभा राहिलो, पण आवाज आला नाही. आयुष्यभर मुलांना उल्का शिकवल्या, तरी प्रत्यक्ष पाहताना अंगावर काटा आला, हे इथे नमूद केलेच पाहिजे.

सकाळी गावात विचारपूस केली, तर पाहणारे बरेच निघाले. एकाने ती नाल्यापलीकडच्या माळावर पडल्याचे सांगितले, दुसऱ्याच्या मते ती शेजारच्या गावच्या शिवारात पडली होती, आणि तालुक्याहून उशिरा परतणाऱ्या एका गृहस्थांनी ती रस्त्याच्या पुढच्याच वळणावर उतरल्याचे शपथेवर सांगितले. त्यांच्यातला कोणीही खोटे बोलत नव्हता. दुपारपर्यंत मात्र मोबाइलवर एक चित्रफीत फिरू लागली, जी रशियातील २०१३ सालच्या घटनेची होती, आणि संध्याकाळी पुन्हा विचारले, तेव्हा सकाळी दोन तुकडे सांगणारे लोक चित्रफितीत दिसलेला धुराचा जाड पट्टा आणि कानठळ्या बसवणारा स्फोट सांगू लागले होते. साक्ष बिघडते ती अशी, आणि इतक्या लवकर.

अशा साक्षींचे शास्त्रात काय होते, याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यात आहे. २८ जानेवारी १९७६ च्या रात्री गुजरातवरून एक प्रचंड अग्निगोल, म्हणजे अतिशय तेजस्वी उल्का, गेला आणि सौराष्ट्रातील सुरेंद्रनगर जिल्ह्यात धजाला गावाच्या आसपास दगडांचा वर्षाव झाला. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी गावोगावी जाऊन दगड तर जमवलेच, पण तितक्याच काळजीने लोकांचे म्हणणेही टिपले. तुम्ही कोठे उभे होतात, कोणत्या दिशेला पाहत होतात, प्रकाश कोठून कोठपर्यंत गेला. दूरदूरच्या गावांतील या साध्या उत्तरांवरून त्यांनी अग्निगोलाचा वातावरणातील मार्ग आणि त्यावरून तो दगड पृथ्वीवर येण्यापूर्वी सूर्याभोवती ज्या कक्षेत फिरत होता ती कक्षा मांडून दाखवली. ज्यांच्या तोंडून ही माहिती मिळाली, त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात दुर्बीण पाहिली नसेल, तरी त्यांच्या सांगण्यातून सूर्यमालेतल्या एका दगडाचा प्रवास कळला, याहून मोठी लोकसहभागाची गोष्ट मला सुचत नाही.

खरे तर आकाशातून दगड पडतात, हे युरोपातील विद्वानांनी मान्य केले तेच मुळी खेडुतांच्या साक्षीमुळे. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेगल गावाजवळ दिवसाढवळ्या सुमारे तीन हजार दगड पडले. शासनाने पाठवलेला झाँ-बातिस्त बियो हा तरुण शास्त्रज्ञ वाटेवरच्या गाडीवानांपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वांना विचारत गेला, एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांची हकिकत जुळते का हे त्याने पडताळले आणि नकाशावर ती मांडली. त्याच्या अहवालानंतर, अडाणी लोकांच्या कल्पना म्हणून अशा हकिकती बाजूला सारणे विद्वानांना अवघड झाले. अलीकडचा दाखला सुदानचा आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये एक लहान लघुग्रह पृथ्वीवर आदळण्यापूर्वी सुमारे एक दिवस आधी दुर्बिणीतून सापडला, आणि पृथ्वीवर येण्याआधीच दिसलेला तो पहिला ठरला. तो न्यूबियाच्या वाळवंटावर फुटला. त्यानंतर खार्टूम विद्यापीठाचे विद्यार्थी वाळवंटात एका ओळीत चालत गेले आणि त्यांनी त्याचे तुकडे वेचून काढले.

आता पाहणाऱ्याने काय टिपावे, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण अडचण इथेच आहे. सर्वांत निरुपयोगी माहिती म्हणजे ‘ती अमुक ठिकाणी पडली’ ही. प्रखर उल्का जमिनीपासून साधारण शंभर किलोमीटर उंचीवर चमकू लागते आणि मोठी असली तरी बहुधा वीस-तीस किलोमीटर उंचीवरच तिचा प्रकाश विझतो. ऐंशी किलोमीटर उंचीवरची वस्तू, हवा स्वच्छ आणि क्षितिज मोकळे असेल तर, हजार किलोमीटरवरूनही क्षितिजालगत दिसू शकते. म्हणजे नागपूरच्या आकाशात जळणारा गोळा नाशिकच्या माणसाला पूर्वेकडच्या झाडांमागे उतरताना दिसेल आणि तो शेजारच्या शेतात पडला, असे त्याला मनापासून वाटेल, कारण इतक्या तेजस्वी वस्तूचे अंतर जोखायला आपल्या डोळ्यांपाशी काही साधनच नसते. यातून एक गोष्ट निघते, जी ऐकून लोकांना नवल वाटते. ज्याला उल्का टेकडीमागे जाईपर्यंत जळताना दिसली, तो पतनस्थळापासून बहुधा फार दूर असतो, आणि जिचा प्रकाश जवळजवळ डोक्यावरच विझला आणि मागोमाग गडगडाट ऐकू आला, तिचे तुकडे त्या ऐकणाऱ्याच्या आसपास पडलेले असण्याचा संभव अधिक. आमच्या गावातल्या शोधकांनी नाला पालथा घातला, ते श्रम त्यामुळेच व्यर्थ होते.

उपयोगी माहिती असते ती दिशेची, उंचीच्या कोनाची, कालावधीची आणि वेळेची. दिशा सांगायला होकायंत्राची गरज नाही. मंदिराचा कळस, विजेचा मनोरा, पाण्याची टाकी, घराचा कोपरा यांच्या संदर्भाने खूण करून ठेवावी आणि जिथे उभे होतो तिथे पायाखाली दगड ठेवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशीही कोन मोजता येतो. उंचीसाठी आपला हात पुरतो. हात पूर्ण ताणून धरला की मूठ आकाशाचे साधारण दहा अंश झाकते आणि ताणलेली वीत वीस अंशांच्या आसपास भरते. आपल्या महाराष्ट्रात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम वीतभर उंच असतो, कोल्हापूरला किंचित कमी, नागपूरला किंचित जास्त, त्यामुळे आपली वीत कितपत खरी आहे, हे कोणालाही अंगणातूनच पडताळता येते. मुलांकडून हे मी नेहमी करून घेत असे, आणि एकदा करून पाहिल्यावर त्यांचे अंदाज मोठ्या माणसांपेक्षा चांगले येत.

कालावधीवरूनच पुष्कळदा निकाल लागतो. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते, म्हणून ती बहुधा काही सेकंदांतच संपते. पृथ्वीभोवती फिरणारा अग्निबाणाचा टप्पा किंवा उपग्रह परत येतो तो सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने आणि अगदी तिरका, म्हणून त्याचे तुकडे एकामागोमाग, एकाच वाटेने, सावकाश चालत गेल्यासारखे अर्धा-एक मिनिट किंवा त्याहूनही जास्त वेळ दिसतात. पाडव्याच्या त्या संध्याकाळी लोकांना मोबाइल काढून चित्रण करायला वेळ मिळाला, ही गोष्टच तो उल्कापात नसल्याचे सुचवत होती. हा साधा फरक बातमीच्या पहिल्याच दिवशी छापला जावा, असे मला तीव्रतेने वाटते, कारण त्याला सुरक्षिततेची बाजूही आहे. अग्निबाणाच्या टाक्यांत विषारी इंधनाचे अंश उरलेले असू शकतात. अशा वस्तूला हात न लावता तिच्यापासून लांब राहून पोलिसांना कळवावे, आणि मुलांना तिथे फिरकू देऊ नये.

रंगांची नोंदही करावी, मात्र तिच्यावर फार विसंबू नये. मॅग्नेशियमने निळसर हिरवी, सोडियमने पिवळी नारिंगी छटा येते, लाल रंग बराचसा हवेच्याच अणुरेणूंचा असतो, पण माणसामाणसाच्या डोळ्यांत रंगांचा फरक पडतो.

आवाजाबद्दल मात्र लोकांना निश्चित माहिती हवी. प्रकाश तत्क्षणी दिसतो आणि आवाज सेकंदाला अवघा एक तृतीयांश किलोमीटर चालतो, त्यामुळे तीस किलोमीटर उंचीवर फुटलेल्या उल्केचा आवाज थेट खाली उभ्या असलेल्याला दीड मिनिटाने ऐकू येतो आणि बाजूच्यांना त्याहून उशिरा. हे मिनिट-दोन मिनिटे मोजली, तर शास्त्रज्ञांना अंतराचा अंदाज मिळतो. तेवढ्याच मिनिटांत काय घडू शकते, हे १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहराने पाहिले. सुमारे वीस मीटर व्यासाचा दगड सकाळी शहराच्या दक्षिणेला, जमिनीपासून साधारण तीस किलोमीटरवर फुटला. सूर्यापेक्षाही प्रखर लखलखाट झाला, तो काय आहे हे पाहायला लोक खिडक्यांशी धावले, आणि नंतर धक्क्याची लाट आली तेव्हा तावदाने त्यांच्यावर कोसळली. जवळपास दीड हजार लोक जखमी झाले, त्यांतले बहुतेक काचांनी. आपल्या शहरांत आता काचेच्या दर्शनी भिंतींच्या इमारती वाढत आहेत. आकाशात डोळे दिपवणारा लखलखाट झाला तर काही मिनिटे काचेपासून दूर राहावे, हे वाक्य भूकंप आणि विजेसंबंधीच्या सूचनांच्या शेजारी शाळांच्या फलकांवर असायला हवे. इतका मोठा दगड क्वचितच येतो हे खरे, परंतु हे एक वाक्य लिहायला खर्चही नाही.

चेल्याबिन्स्कच्या त्या दगडाची कक्षा शास्त्रज्ञांना मोजता आली ती गाड्यांमधल्या आणि इमारतींवरच्या कॅमेऱ्यांमुळे. आपल्याकडेही आता दुकाने, पेट्रोल पंप, सोसायट्या, ग्रामपंचायती सगळीकडे सीसीटीव्ही आहेत, पण बहुतेक ठिकाणचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते आणि त्यावर नवे चढते. कॅमेऱ्याचे घड्याळही पुष्कळदा चुकीचे असते. म्हणून चित्रण लगेच उतरवून ठेवणे, कॅमेऱ्याच्या घड्याळात आणि मोबाइलच्या घड्याळात किती फरक आहे ते लिहून ठेवणे आणि कॅमेरा जागचा न हलवणे एवढे केले, तरी त्या एका चित्रणाचे मोल शंभर तोंडी वर्णनांपेक्षा अधिक ठरते.

दगड सापडण्याची गोष्ट राहिली. विदर्भाला हा अनुभव आहे. २२ मे २०१२ रोजी दुपारी दोनच्या सुमारास नागपूर जिल्ह्यातील काटोल आणि परिसरात मोठा आवाज होऊन अशनीचे, म्हणजे न जळता जमिनीवर पोहोचलेल्या उल्केच्या दगडाचे, तुकडे पडले, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ते जमवले, आणि अशनींना पतनस्थळाचे नाव देण्याच्या पद्धतीप्रमाणे तो दगड जगभरच्या नोंदींत आज ‘काटोल’ या नावाने ओळखला जातो. परंतु आपल्या भागात अशनी ओळखणे इतर ठिकाणांपेक्षा कठीण आहे, कारण आपल्या पायाखाली बहुतेक ठिकाणी काळा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून बनलेला खडक, आहे. अशनीला लोहचुंबक चिकटते असे पुस्तकांत वाचून लोक चुंबक लावून पाहतात, पण बेसाल्टातही चुंबकीय खनिजे असतात आणि काही दगड चुंबकाला थोडाफार प्रतिसाद देतात, लोहाराच्या भट्टीतली मळीही देते. तेव्हा एवढ्या परीक्षेवर भागत नाही. ताज्या अशनीवर अगदी पातळ, जळकट काळी साल असते आणि फुटलेल्या कडेला आतला भाग बहुधा फिकट राखाडी दिसतो. तो आकाराच्या मानाने जड लागतो आणि त्यात बुडबुड्यांची छिद्रे नसतात, जी आपल्या बेसाल्टात आणि मळीत पुष्कळदा आढळतात. शिवाय तो पडल्यावर गवत पेटत नाही. प्रकाश विझल्यानंतरचे शेवटचे अंतर दगड थंड हवेतून, काळोखात, कित्येक सेकंद ते काही मिनिटे पडत येतो, तापलेला बाहेरचा थर आधीच झडून गेलेला असतो आणि आतला भाग तापायला मुळी अवधीच मिळालेला नसतो. म्हणून उल्केने गवताची गंजी जळाली अशी बातमी आली, तर वार्ताहराने आधी दुसरे कारण शोधावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे. सापडलेला दगड धुऊ नये, फोडू नये, त्याची पूजा करायची असल्यास हळद-कुंकू आणि पाणी त्याच्यावर न घालता दुरूनच करावी, कारण ओलावा आणि स्पर्श यांनी त्याचे रासायनिक रूप बदलते. तो कोरड्या स्वच्छ कागदात गुंडाळून, सापडलेल्या जागेचे छायाचित्र काढून, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा तहसीलदारांना कळवावे.

म्हणून माझी विनंती अशी. महाराष्ट्राच्या कोणत्याही भागात मोठा अग्निगोल दिसल्याचे कळताच आपण दुसऱ्या दिवशीच्या जिल्हा आवृत्त्यांत एक लहान चौकट द्यावी, जिच्यात पाहणाऱ्याचे गाव, नेमकी उभे राहण्याची जागा, घड्याळातली वेळ, कोणत्या खुणेपासून कोणत्या खुणेपर्यंत प्रकाश गेला, किती विती उंचीवर तो विझला, किती सेकंद दिसला, तुकडे झाले का, आवाज आला का आणि किती वेळाने आला, एवढेच विचारलेले असेल. उत्तरे इतरांशी बोलण्याआधी आणि चित्रफिती पाहण्याआधी लिहावीत, अशी सूचना त्यातच असावी. ‘काहीच ऐकू आले नाही’ किंवा ‘ढग होते’ हेही उत्तर पाठवावे, कारण आवाज कोठपर्यंत पोहोचला नाही, हे कळल्यावाचून तो कोठवर पोहोचला ते ठरत नाही. रात्री पिकाला पाणी देणारे शेतकरी, ऊसतोडणीचे कामगार, एसटीचे चालक-वाहक, गस्तीवरचे पोलीस, दवाखान्यातले रात्रपाळीचे कर्मचारी हे आपल्या राज्यातले सर्वांत जागरूक आकाशनिरीक्षक आहेत. त्यांच्यापर्यंत वार्ताहरांनी आपण होऊन पोहोचावे, कारण ते स्वतः पत्र लिहिणार नाहीत. जमलेली उत्तरे आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेकडे आणि आपल्याकडील अभ्यासकांकडे पाठवता येतील. त्या संघटनेचा अग्निगोलांच्या नोंदींचा तक्ता कोणालाही भरता येतो.

मिथुन राशीतून दिसणारा उल्कावर्षाव दरवर्षी १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री भरात असतो आणि त्या वेळी शेतांत जाग असते. त्याच्या आधीच्या रविवारच्या पुरवणीत ही प्रश्नावली एकदा नमुन्यादाखल छापून पाहावी. आमच्या जिल्ह्यातील विज्ञान शिक्षकांच्या साहाय्याने ती शाळाशाळांत पोहोचवण्याची आणि आलेली उत्तरे गाववार लावून आपल्या कार्यालयात आणून देण्याची जबाबदारी मी आनंदाने घेतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
अकोला जिल्हा